मैदान, बाग आणि पार्क

दादरच्या शिवाजी पार्कच्या नांवांत ‘पार्क’ हा शब्द आहे. परंतु सायंकाळीं तिकडे निघालेला मनुष्य बागेंत जावयास निघालेला नसतो, मैदानावर जावयास निघालेला असतो. मधोमध क्रिकेटच्या खेळपट्ट्या, एका कडेस व्यायाममंदिरांतील मल्लखांब, दुसऱ्या कडेस मुलांचे झोपाळे, गणपतीचें देऊळ, वाचनालय, शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा, आणि या सर्वांस कवेंत घेणारा तो सुप्रसिद्ध कट्टा! मुंबईच्या महापालिकेनें १९२५ सालीं ही जागा लोकांस खुली केली तेव्हां तिचें नांव माहीम पार्क असें होतें. १९२७ सालीं, त्या काळीं मान्य असलेल्या गणनेप्रमाणें शिवजन्माचीं तीनशें वर्षें भरलीं, त्या निमित्तानें महापालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांच्या सूचनेवरून तें बदललें. आणि २०२० सालीं तें आणखी सविस्तर होऊन ‘छत्रपति शिवाजी महाराज पार्क’ असें झालें. नांवाचा पूर्वार्ध दोनदां पालटला, ‘पार्क’ मात्र कायम राहिलें. दादरचा मुलगा ‘पार्कांत जातों’ म्हणून घरांतून निघतो आणि ‘मैदानावर खेळत होतों’ म्हणून परत येऊन सांगतो. त्यांत कांहीं विसंगति आहे असें त्याच्या मनांतहि येत नाहीं.

बोलण्याला अशी विसंगति सहज पचते. नकाशाला पचत नाहीं. नकाशा काढणाऱ्यास त्या जागेला कोणता तरी एक रंग द्यावा लागतो. आणि हिरवा रंग दिसला कीं तेथें आपणांस जातां येईल, बसतां येईल, मुलांना खेळवितां येईल, अशी नकाशा पाहणाराची सहज समजूत होते. नातवाला घेऊन अर्धा मैल चालत गेलेल्या आजोबांस तेथें कुलूप लावलेलें फाटक आढळलें, तर नकाशानें त्यांना फसविलें असेंच म्हटलें पाहिजे. मग त्या कुंपणाआड कितीहि हिरवळ असो.

नकाशे सरकारच काढीत होतें तोंपर्यंत ही अडचण फारशी जाणवत नव्हती. मोजणीखात्याजवळ खुणांचा छापील तक्ता असे, वरिष्ठांनीं ठरविलेला शब्द कनिष्ठांनीं लावावयाचा, एवढाच व्यवहार. २००४ सालीं मात्र इंग्लंडांत एक निराळाच उपक्रम सुरू झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील स्टीव्ह कोस्ट या विद्यार्थ्यास असें वाटलें कीं, ज्याला जो भाग ठाऊक आहे त्यानें तो स्वतः मोजावा, काढावा आणि सर्वांस मोकळा करून द्यावा. ब्रिटनच्या ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ या सरकारी मोजणीखात्याचे नकाशे उत्कृष्ट होते, पण त्यांचा उपयोग करावयाचा तर पैसा मोजावा लागे आणि अटी पाळाव्या लागत. म्हणून उपग्रहांवरून स्थान दाखविणारीं लहान यंत्रें खिशांत टाकून हौशी मंडळी पायीं आणि सायकलीवर हिंडूं लागली. यांतूनच ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा जगाचा लोककृत नकाशा उभा राहिला. २००६ सालीं त्याच्यासाठीं एक संस्था नोंदली गेली, आणि २०१३ च्या जानेवारींत नोंदलेल्या सभासदांची संख्या दहा लाखांवर पोंचली.

या नकाशाची रचना अत्यंत साधी आहे. एखाद्या जागेची सीमा आंखावयाची आणि तिला दोन पदांची एक खूण जोडावयाची. पहिलें पद वर्ग सांगतें, दुसरें त्या वर्गांतील प्रकार. ‘लेझर’ म्हणजे फुरसत, हें पहिलें पद, आणि ‘पार्क’ हें दुसरें, असें लिहिलें कीं ती जागा पार्क झाली. खुणा कोणत्या लावाव्या याची सक्ती कोणावरहि नाहीं. हवी ती खूण योजण्याची मुभा हें या उपक्रमाचें आरंभापासूनचें तत्त्व आहे. रूढ खुणांचा एक तक्ता आहे, त्यावर चर्चा होते, मतेंहि घेतलीं जातात. परंतु तो तक्ता म्हणजे कायदा नव्हे. आतां स्वातंत्र्य झालें तरी भाषा कोणती तरी लागतेच. तक्ता रचणारे पहिले लोक इंग्रज होते. त्यांनीं आपल्या गांवाशेजारीं जें दिसलें त्याला आपल्या भाषेंतील नांव दिलें. या इंग्रजी नांवांच्या पोटांत आठशें-नऊशें वर्षांचा जमिनीचा इतिहास दडलेला आहे, हें तेव्हां कोणाच्या ध्यानांत आलें नसावें.

‘पार्क’ हाच शब्द घ्यावा. मध्ययुगीन इंग्लंडांत पार्क म्हणजे राजानें किंवा सरदारानें हरणांच्या शिकारीसाठीं कुंपण घालून राखलेलें रान. लोकांनीं आंत येऊं नये हाच त्या कुंपणाचा अर्थ. लंडनचा हाइड पार्क आठव्या हेन्रीनें १५३६ सालीं वेस्टमिन्स्टरच्या मठाकडून घेतला तो मृगयेसाठीं. सामान्यांस तेथें प्रवेश मिळाला तो १६३७ सालीं, पहिल्या चार्ल्सच्या कृपेनें. पुढें यंत्रयुग आलें, गिरण्यांच्या गांवांत माणसें दाटीवाटीनें राहूं लागलीं, आणि श्रमजीवी लोकांस मोकळी हवा मिळावी कोठें, या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं पार्लमेंटनें १८३३ सालीं समिति नेमली. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा झाला. १८४० सालीं डर्बी येथें जोसेफ स्ट्रट यानें दिलेलें वृक्षोद्यान उघडलें. १८४७ सालीं मर्सी नदीच्या कांठीं, लिव्हरपूलच्या समोर, बर्कनहेड पार्क खुला झाला. तो नगरानें आपल्या पैशानें बांधला होता आणि सर्वांसाठीं बांधला होता. त्याचा रचनाकार जोसेफ पॅक्स्टन. पुढें १८५१ च्या प्रदर्शनासाठीं स्फटिकगृह उभारणारा तोच. १८५० सालीं फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड नांवाचा एक अमेरिकन शेतकरी तेथें हिंडून गेला, आणि आठच वर्षांनीं त्याचा व कॅल्व्हर्ट वॉक्स याचा आराखडा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठीं स्वीकारला गेला. लोकांस बाहेर ठेवणाऱ्या कुंपणाचें नांव अशा रीतीनें लोकांस आंत घेणाऱ्या जागेला मिळालें.

पार्काचीं भावंडें याहून अवघड. ‘कॉमन’ म्हणजे सार्वजनिक जमीन असें पुष्कळांस वाटतें, पण तें खरें नाहीं. कॉमनला मालक असतो. फक्त शेजारच्या लोकांस तेथें गुरें चारण्याचा, सरपण नेण्याचा असे कांहीं हक्क असतात. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटनें हजारों कायदे करून अशा जमिनी वांटल्या आणि कुंपणांत घातल्या. गरिबांचें कुरण गेलें, आणि खेळावयाची जागाहि गेली. तेव्हां १८४५ च्या कायद्यानें अशी वांटणी करतांना गांवकऱ्यांच्या व्यायामासाठीं आणि करमणुकीसाठीं एखादा तुकडा राखून ठेवण्याची सोय केली. इंग्लंडच्या कित्येक गांवांतील ‘रिक्रिएशन ग्राउंड’ हें असें, मोठ्या हानीच्या बदल्यांत मिळालेलें लहानसें दान आहे. ‘व्हिलेज ग्रीन’ ही तिसरी जात: गांवाच्या मधली हिरवळ, जिच्यावर खेळण्याचा रहिवाशांचा हक्क वहिवाटीनें सिद्ध झालेला असतो. १९६५ सालीं कायदा झाला कीं, कॉमन आणि ग्रीन यांची नोंद करून घ्यावी. मुदत १९७० च्या आरंभीं संपली. ज्या ठिकाणीं गांवकरी वेळेवर जागे झाले नाहींत तेथील कित्येक हक्क नोंदीअभावीं लुप्त झाले. जमीन जागच्या जागीं होती, हिरवळहि तशीच होती, वहींतलें एक नांव तेवढें नव्हतें. जागेला कोणत्या वर्गांत घालावयाचें हा प्रश्न किती भारी असूं शकतो, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

हे चारहि शब्द लोककृत नकाशाच्या तक्त्यांत जाऊन बसले. पार्क आणि कॉमन यांस ‘लेझर’ वर्गांत जागा मिळाली. व्हिलेज ग्रीन आणि रिक्रिएशन ग्राउंड हीं ‘लँडयूज’ म्हणजे भूमीचा उपयोग या वर्गांत गेलीं. एक वर्ग माणसें काय करतात तें सांगतो, दुसरा जमीन कोणत्या कामीं लागली आहे तें. पण खेळाच्या मैदानाच्या बाबतींत या दोन गोष्टी वेगळ्या कशा करावयाच्या? परिणाम असा झाला कीं, ‘रिक्रिएशन ग्राउंड’ कोणी एका वर्गांत लिहीत, कोणी दुसऱ्या, आणि नकाशा रंगविणाऱ्या यंत्राला मात्र एकच ओळखीचें. कालांतरानें ‘लेझर’ वर्गांतला उपयोग टाळावा असें ठरलें.

ही आपसांतली गडबड. इंग्लंडाबाहेर तर तक्त्यानें अगदींच दगा दिला. जर्मन, पोलिश, ब्राझिलियन, जपानी कार्यकर्ते तक्ता पाहूं लागले. त्यांच्या देशांत इंग्रजी व्हिलेज ग्रीन असण्याचा संभवच नाहीं. परंतु ‘ग्रीन’ म्हणजे हिरवें, एवढें सर्वांस कळत होतें. मग रस्त्याच्या मधल्या पट्टीवरील गवत, चाळीपुढचा हिरवळीचा तुकडा, वळणावरचा त्रिकोण, अशा जागांना ही खूण सर्रास लागूं लागली. कॉमनचीहि तीच गत झाली. वहिवाटीचा हक्क सांगणारा शब्द केवळ रंगाचा शब्द होऊन बसला. शेवटीं तक्त्यावर स्पष्टीकरणें चढवावी लागलीं: साधें गवत असेल तर ‘ग्रास’ म्हणा, इंग्लंड-वेल्समधील कॉमनचा कायदेशीर दर्जा ‘डेझिग्नेशन’ या निराळ्या पदाखालीं सांगा, आणि ‘लेझर’ वर्गांतला कॉमन नव्यानें वापरूं नका. कार्यकर्त्यांत या संबंधानें एक सूत्र रूढ आहे, तें मोठें मार्मिक आहे. नकाशा रंगविणाऱ्यास डोळ्यांपुढें ठेवून खूण लावूं नये, असें तें सूत्र. जागा हिरवी दिसावी म्हणून तिला पार्क म्हणूं नये. सूत्र सोपें आहे. पण केलेलें काम पडद्यावर रंगीत दिसावें हा मोह कोणाला नाहीं?

अमेरिकेंत अडचण उलट्या बाजूनें आली. तेथें ‘पार्क’ हा शब्द इंग्रजीच, पण अर्थ फुगलेला. १८६४ सालीं योसेमिटीचें खोरें कॅलिफोर्निया संस्थानाच्या हवालीं करण्यांत आलें, १८७२ सालीं यलोस्टोन हें पहिलें राष्ट्रीय उद्यान झालें, आणि तेव्हांपासून डोंगर, अरण्यें, सरोवरें यांनाहि पार्क म्हणण्याचा प्रघात पडला. संस्थानाचे पार्क, जिल्ह्याचे पार्क, शहराचे पार्क! त्यांतील कांहीं इतके विस्तीर्ण कीं, एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जावयास दिवस लागावा. लोककृत नकाशांतील ‘पार्क’ मात्र बर्कनहेडच्या वंशांतला. बहुधा शहरांतला, रचलेला, विसाव्याचा. पाटीवर ‘स्टेट पार्क’ असें लिहिलेलें दिसल्यावर अमेरिकन कार्यकर्त्यानें तीच खूण लावली तर त्यास दोष कसा द्यावा? तरीहि त्यामुळें अस्वलें हिंडतात असें रान आणि गल्लीच्या टोंकाचा झोपाळा असलेला चौक हीं दोन्ही एकाच वर्गांत जाऊन बसलीं. राष्ट्रीय उद्यानें आणि राखीव अरण्यें यांच्यासाठीं ‘बाउंड्री’ म्हणजे सीमा या वर्गांत वेगळ्या खुणा आहेत, आणि अशा जमिनी तिकडे न्याव्या असा आग्रह वर्षानुवर्षें चालला आहे. तो रास्त आहे. नांव काय, यापेक्षां वस्तु काय, हें पाहणें अधिक श्रेयस्कर.

या सर्व काथ्याकुटाला २०१७ सालीं एक विलक्षण वळण लागलें. ‘पोकेमॉन गो’ हा खिशांतल्या टेलिफोनवरचा खेळ त्याच्या आदल्या वर्षीं निघाला होता. रस्त्यानें हिंडत काल्पनिक प्राणी पकडावयाचे, असा तो खेळ. त्याच्या चालकांनीं खेळाचा आधार म्हणून लोककृत नकाशा घेतला. पार्काच्या हद्दींत विशिष्ट प्राणी अधिक सांपडतात ही गोष्ट खेळाडूंच्या लक्षांत येतांच कांहीं चतुर मंडळींनीं आपलें घर, अंगण, मोटारी उभ्या करण्याची जागा यांस नकाशावर पार्क करून टाकलें! जुन्या कार्यकर्त्यांना एकेक खोटा पार्क हुडकून पुसत बसावें लागलें. तरीहि या स्वाऱ्यांतून कांहीं भलेंहि झालें; खोटी बाग काढावयास आलेल्या कांहीं मुलांनीं शेजारची खरी बाग, जी आजवर कोणीच नोंदली नव्हती, ती नकाशावर आणली.

आतां मराठी मुलखाकडे वळावें. येथें शब्दकोशावर भिस्त ठेवणाऱ्या कार्यकर्त्याची फजिती ठरलेली. ‘बाग’ म्हणजे ‘गार्डन’ असें कोशांत मिळेल. पण रत्नागिरीकडचा मनुष्य बागेंत गेला म्हणजे तो आपल्या आंब्याच्या किंवा नारळी-पोफळीच्या बागायतींत गेला. ती खाजगी उत्पन्नाची जागा, फिरावयाची नव्हे; नकाशांत तिला फळबागेची खूण हवी. भायखळ्याच्या राणीच्या बागेंत झाडें आहेत त्याहून अधिक गर्दी प्राण्यांसाठीं असते. गांवच्या गायरानाला इंग्रजी जाणणारा कार्यकर्ता चटकन ‘कॉमन’ म्हणेल, आणि त्या एका शब्दासरशीं इंग्लंडचा जमीनमालक व त्याचीं कुळें हीं सोलापुराकडच्या माळरानावर येऊन उभीं राहतील. बोरिवलीच्या अरण्याला सारी मुंबई ‘नॅशनल पार्क’ म्हणते, आणि तें खरोखरच राष्ट्रीय उद्यान आहे. परंतु त्यासाठीं लावावयाची खूण ‘पार्क’ ही नव्हे. एका शहरांत पार्क नांवाचें मैदान आहे आणि पार्क नांवाचें अरण्यहि आहे!

सर्वांत अवघड शब्द मुंबईच्या इमारतींच्या आवारांत आढळतो. तो म्हणजे ‘आर. जी.’, रिक्रिएशन ग्राउंडचें लघुरूप. बांधकामाच्या १९९१ च्या नियमावलीनें मोठ्या भूखंडावर इमारती बांधणाऱ्यास जागेचा कांहीं हिस्सा, आकारमानाप्रमाणें १५ टक्क्यांपासून २५ टक्क्यांपर्यंत, करमणुकीसाठीं मोकळा ठेवावयास लावलें. ही जागा तेथील रहिवाशांची. बाहेरच्या मुलानें तेथें चेंडू टाकला तर रखवालदार त्याला हाकून लावतो. महापालिकेच्या आराखड्यांतहि करमणुकीचें मैदान याच नांवाचें आरक्षण असतें, पण तें सर्वांसाठीं. शब्द एक, अक्षरें दोन, आणि मधें एक कुंपण. लोककृत नकाशावर दोन्हींना सारखीच खूण लागली तर एखाद्या वस्तींत हिरवळ भरपूर आहे असें चित्र दिसेल, आणि ज्यांच्या घराला आवारच नाहीं त्यांची टंचाई रंगाखालीं झांकून जाईल. येथें नुसती खूण अचूक असून भागत नाहीं. प्रवेश कोणास, हें सांगणारें ‘ॲक्सेस’ हें दुसरें पद जोडावेंच लागतें. घाईनें काम करणारे बहुतेक वेळां हेंच पद गाळतात.

तेव्हां एकसूत्रीपणा येतो तो एका शब्दावर सर्वांचें एकमत झाल्यानें नव्हे. तो येतो एका शब्दावर लादलेलें ओझें अनेक पदांवर वांटून दिल्यानें. जमिनीवर प्रत्यक्ष काय आहे, आंत कोण जाऊं शकतो, आणि कोणता कायदा तिचें रक्षण करतो, या तिहींचें उत्तर इंग्रज गांवकरी ‘ग्रीन’ या एकाच शब्दांत देत होता, कारण त्याच्या गांवांत तीं एकत्र नांदत होतीं. जगाच्या नकाशावर तीं निरनिराळीं लिहावीं लागतात. शिवाजी पार्कच घ्या. कट्ट्याच्या आंतील सबंध जागेची एक सीमा, तिला मोकळ्या मैदानाची खूण आणि नांव. आंत प्रत्येक खेळपट्टीची निराळी आकृति, खेळ क्रिकेट. झोपाळ्यांच्या जागेला मुलांच्या क्रीडांगणाची खूण. व्यायाममंदिर, देऊळ, वाचनालय यांच्या वेगवेगळ्या इमारती. ‘पार्क’ हा शब्द मग फक्त नांवांत राहील, जेथें तो १९२५ पासून आहे.

एक गांठ मात्र या पद्धतीनेंहि सुटत नाहीं. लोककृत नकाशाचा दंडक असा कीं, जें प्रत्यक्ष जाऊन पाहतां येतें तेंच नोंदावें. सरकारी विकास आराखड्यांत मात्र जें पुढें व्हावयाचें तेंहि रंगविलेलें असतें. मुंबईच्या नव्या आराखड्याचा २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला मसुदा इतक्या चुकांनीं भरलेला निघाला कीं, मुख्यमंत्र्यांनीं तो दुरुस्तीसाठीं परत पाठविला. नागरिकांनीं आपापल्या गल्लीचा कागद पसरून, येथें असें लिहिलें आहे पण आहे तें निराळेंच, अशा हरकती ढिगांनीं दिल्या होत्या. २०१८ सालीं मंजूर झालेल्या आराखड्यांतहि उद्यानासाठीं राखलेल्या परंतु उद्यान न झालेल्या जागा आहेत. अशा ठिकाणीं कोणी कार्यकर्ता जातो. तेथें पत्र्यांचीं गोदामें असतात, किंवा झोपड्या, किंवा नुसता राडारोडा. त्यानें तेथें पार्क काढावा काय? कांहीं जण म्हणतात, काढावा. नाहींतर लोकांचा हक्क नकाशावरून पुसला जाईल. पण हा युक्तिवाद मोहक असला तरी घातक आहे. पोकेमॉनच्या मुलानेंहि जी नव्हती तीच बाग काढली होती. जें आहे तें काढलें म्हणजे सरकारी कागदावरील हिरवा चौकोन आणि लोकांच्या नकाशावरील गोदामांचीं छपरें हीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां येतात. आणि दोहोंतलें अंतर ज्यास मोजावयाचें असेल त्यास तें फुटपट्टीनें मोजतां येतें.